जेवल्या घरी मागायचं नाही

नाना,

तुम्हाला जाऊन आता इतका काळ लोटला, की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. तो आठवला की मागोमाग आवाज येतो. आज सकाळपासून तो सारखा येतोय, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. जळगावच्या या घरात दुपारी कुणी नसतं. मुलगा ठिबक सिंचनाच्या दुकानात, सून शाळेत शिकवायला, नातू शिकायला पुण्यात. खाली चौकात रिक्षावाल्यांची वादावादी चालू असते आणि वर मी, तुमच्यासारखीच, चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधत असते.

मागच्या आठवड्यात आपल्या गावी एक सभा झाली आणि त्या सभेत मी तुमचा नियम माइकवरून सांगून टाकला. तुम्ही तो मरेपर्यंत पाळलात, पण कुणाला बोलून दाखवला नाहीत. मी दाखवला, कारण एका बाईनं मला एक काम सांगितलं होतं आणि ते करायची दुसरी वाट मला ऐन वेळी सुचली नाही. त्या दिवसापासून फोनला उसंत नाही. कुणी म्हणतं अक्कांनी बरोबर कान टोचले, कुणी म्हणतं अक्कांना म्हातारचळ लागला. परवा तर एक मुलगी घरी आली, मोबाइल स्टँडवर लावला आणि सामाजिक न्याय, युद्ध आणि लोकसेवा या तीन विषयांवर ज्येष्ठ नेत्या म्हणून माझी मतं काय, असं तिनं मला विचारलं. पोरगी गुणाची होती, बशीत कप ठेवतानाही आवाज होऊ देत नव्हती. मी तिला भरपूर मतं दिली. इतकी वर्षं भाषणं केल्यावर मतांना काय तोटा? ती गेली आणि मला माझाच कंटाळा आला. या तिन्ही गोष्टींबद्दल मला जे काही खरोखर कळलं, ते आपल्या गावाबाहेरच्या भिल्लवस्तीत, भिलाटीतल्या एका घरात कळलं, आणि तेही तुमच्या बोटाला धरून. तेवढं मात्र तिला सांगायचं राहिलं.

तुमचा नियम म्हणजे, जेवल्या घरी मागायचं नाही. प्रचाराला निघालं की कार्यकर्ते जीपमध्ये आधी हाच घोळ घालायचे, की आज नाना कुठं जेवणार. कारण ज्या घरी तुम्ही जेवाल त्या घरी तुम्ही मत मागणार नाही, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. 'जिथं मत पक्कं आहे तिथंच जेवा ना, नाना,' असं ते गयावया करायचे. आणि तुम्ही नेमके कुंपणावरच्या माणसाचं आमंत्रण घ्यायचे. मांडी घालून बसायचे, म्हशीची चौकशी करायचे, कपाशी कशी आहे ते विचारायचे, भाकरी दुसऱ्यांदा मागून घ्यायचे, आणि हात धुऊन उठून चालू लागायचे. एकदा पिंपळनेरच्या रस्त्यावर एका घरातली बाई चुलीपुढनं तवा हातात घेऊन तुमच्यामागं अंगणात आली होती. 'नाना, निशानी तं सांगा.' तुम्ही म्हणालात, 'चटनी झकास व्हती, माय,' आणि जीपमध्ये बसलात. जीप सुरू झाल्यावर मागच्या सीटवरचा कार्यकर्ता अक्षरशः कपाळावर हात मारत होता. त्या निवडणुकीत तुम्ही पडलात. त्यानंतर लोकांनी हा तुमचा विक्षिप्तपणा धरला. काहींनी मोठेपणा धरला. आईला आणि मला तेवढं ठाऊक होतं, की तो विक्षिप्तपणाही नाही आणि मोठेपणाही नाही.

हा नियम नव्हता तेव्हाची गोष्ट. लढाई चालू होती. मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते. आपल्या घरी रेडिओ होता, म्हणून संध्याकाळी अख्खी गल्ली आपल्या ओट्यावर बातम्या ऐकायला जमायची, आणि बातम्या संपल्या की तुम्ही उभे राहून त्या पुन्हा समजावून सांगायचे. तुम्ही तेव्हा तरुण होतात, तालुक्यात तुमचं नाव होऊ लागलं होतं. साक्रीच्या बाजारात समतेवर तुम्ही बोललात की लोक टोपल्या खाली ठेवून ऐकत. आपल्या गावातून फौजेत गेलेला माणूस एकच, भिलाटीतला. तो गेल्याची तार तहसील कचेरीत आली आणि ती सायकलवरून तुम्हीच घेऊन आलात.

आईनं भाकरी थापल्या, बिनफोडणीचं वरण केलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाऊबंद, शेजारपाजारचे जेवण घेऊन जातात, तो कडू घास. पण तो जातो भाऊबंदांत, बरोबरीच्या घरात. भिलाटीत जायचं ते सणाचं उरलंसुरलं. त्या दिवशी गावातली मोठी माणसं भिलाटीत आली होती खरी. ती बाहेरच उभी राहिली, देशासाठी गेला म्हणाली, आणि परतली. टोपली घेऊन गेलात ते तुम्ही पहिले. वरणाचं पातेलं माझ्या हातात होतं आणि तुम्ही इतके भराभर चालत होतात की ते हिंदकळत होतं. मला आठवतं, तुम्ही मनातून खूश होतात. मेलेल्याचं दुःख होतंच, पण आपण काही तरी नवं करतोय याची खुशीही होती.

त्याची आई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. रडत नव्हती. तिनं टोपलीवर हात ठेवला, फडकं बाजूला करून भाकरी पाहिल्या, आणि म्हणाली, 'नाना, तुमनी भाकर आम्हीन खाई लिसूत. पन आमनी भाकर तुम्ही कधी खाशात?'

तुम्ही म्हणालात, 'खासूत ना माय, कधी बी.'

'कधी बी म्हंजे कधी?'

ती टोमणा मारत नव्हती. सोयरे आले की कोणत्या गाडीनं जाणार असं विचारावं, तसं तिनं विचारलं. तुम्ही इकडं तिकडं पाहिलंत. आजूबाजूची माणसं तुमच्याकडे पाहत होती. एवढी भाषणं केलेला माणूस, त्याला एक वार सांगता येईना. घरी आल्यावर तुम्ही आईला हे सांगितलंत, तेव्हा ती चुलीकडून वळलीसुद्धा नाही. 'मग तिथंच बसून जेवून यायचं होतं,' म्हणाली. 'अगं, चूल पेटली नव्हती त्यांची.' 'पेटेल तेव्हा जा.' आणि तुम्ही गेलात. दिवसकार्य झाल्यावर त्या घरची चूल पेटली त्याच दिवशी गेलात, मला घेऊन. नागलीची भाकरी होती, उडदाची डाळ होती, आणि मिरची इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्या घरातल्या पोरी मला हसल्या. तिकडं आपल्या घरी काकांनी तुमच्या पंगतीला बसणं सोडलं. दिवाळीला त्यांचं ताट वेगळं वाढलं जाऊ लागलं. तुम्ही हसून म्हणायचात, 'बरं झालं, मला जागा मोकळी झाली.' मला तुमचा फार अभिमान वाटायचा, नाना. अजूनही त्या दुपारचा वाटतो.

पण त्याच्या पुढची गोष्टही मीच पाहिली आहे. साक्रीला बाजाराच्या दिवशी श्रद्धांजलीची सभा ठरली, आणि तुम्ही त्या घरी जाऊन तिचा धाकटा मुलगा सभेला मागितलात. आता ते घर तुम्हाला नाही कसं म्हणणार? तुम्ही त्यांच्याकडे जेवला होतात. तुम्ही त्याला नवा पांढरा सदरा शिवलात, तो खांद्यांत मोठा झाला होता. स्टेजवर त्याच्या गळ्यात हार घातला गेला, आणि तुम्ही त्याचा हात धरून वर केलात. 'एक गेला, तर दुसरा तयार आहे,' असं म्हणालात. लोकांनी टाळ्यांनी बाजार डोक्यावर घेतला. तो काही बोललाच नव्हता. मी पुढं खाली बसले होते, म्हणून मला दिसलं की तो गर्दीत आईला शोधत होता. एवढ्या टाळ्या पडल्यावर त्याला जावंच लागलं. लढाई तोवर संपली होती, पण सीमेवर पुरलेल्या सुरुंगांना ते कुणी कळवलं नव्हतं. तो लाकडी पाय घेऊन परत आला.

त्याला भेटून आलात त्या दुपारी तुम्ही सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. मी मेथी निवडत होते. आईनं ताट वाढलं, ते तुम्ही बोटानं पुढं सरकवलंत. बराच वेळ खोकलात. मग आईला म्हणालात, 'त्या घरात जेवलो, आणि उठून त्यांचाच पोरगा मागितला.' आईनं ताटावर ताट झाकून ठेवलं. त्यानंतर तुमचा नियम सुरू झाला. लढाईवर तुम्ही स्टेजवरून पुन्हा कधी एक शब्द बोलला नाहीत. दुसरा कुणी त्यावर बोलायला लागला की तुम्ही पाणी प्यायचं निमित्त करून खाली उतरायचात. विरोधक म्हणायचे नाना घाबरतात. तसं नव्हतं. लढाई कधीच नको असं तुम्ही म्हणत नव्हतात, देश राखायला कुणी तरी जावं लागतं हे तुम्हाला मान्यच होतं. फक्त कुणी जायचं हे टाळ्यांवर ठरवायला तुमची जीभ रेटेना.

आता या वर्षीचं सांगते. त्या लाकडी पायाच्या माणसाचा नातू सीमेवर कामी आला. थोरला नातू. मला इथं जळगावात गावाकडून कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला आणि तो पाहताच मी ओळखलं, कपाळ आजोबाचं होतं. धुळ्यावरून गाडीनं गेले. रस्ता आता इतका रुंद झालाय की साक्री कधी येते कळतच नाही. गावात भाचीच्या घरी उतरले आणि भाकरी स्वतः थापायला बसले. बोटं वाकत नाहीत आता, एकही गोल झाली नाही. भाची म्हणाली, 'आत्या, मी करते ना.' मी नको म्हटलं.

भिलाटीत आता पक्की घरं आहेत, पत्र्यावर डिश आहे. आजोबा अंगणात खाटेवर बसलेले, पायाशी शिबिरात मिळालेला नवा प्लास्टिकचा पाय काढून ठेवलेला. मी टोपली ठेवली तशी गेलेल्याची आई मला हाताला धरून आतल्या खोलीत, हंड्याकळश्यांच्या बाजूला घेऊन गेली. बाई जेमतेम माझ्या सुनेच्या वयाची. दबक्या आवाजात बोलत होती.

'अक्का, सभा शे म्हनतस. लहान्याले स्टेजवर चढू नका देज्यात. तो रोज सकायले रस्तावर पयस, भरतीसाठे. जासू म्हनस. मी त्याले समजाडसू, नही तं तो माले समजाडी. पन बठ्ठा लोकेसमोर एकडाव हा म्हनी टाकं, मंग आम्हले घरमा बोलाले जागाच नही ऱ्हावाव.'

मी म्हटलं, 'नही चढू देवाव.'

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. 'अक्का, तुमना घरमाईन कोनी गयेल शे का फौजमा?'

'कोनी नही,' मी म्हटलं.

तिनं मान हलवली. राग नव्हता, नाना. तिनं माझ्या वाकड्यातिकड्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. तुम्ही 'कधी बी' म्हणून तोंड चुकवलंत तेव्हा तुम्हाला कसं वाटलं असेल, ते मला त्या खोलीत उभी असताना समजलं.

बाहेर आले तर आजोबांनी काठीनं खाटेच्या कडेला ठोकून मला बसवून घेतलं. आत काय बोलणं झालं असेल हे त्यांनी ताडलं होतं. म्हणाले, 'अक्का, मनी तंगडी गई हाई खरं. पन त्या दिनले मना गयामा हार व्हता. जे लोक आम्हले वट्टावर बसू देत नव्हतात, त्या मनासाठे टाया वाजाडेत. तसा दिन माले पुन्हा दिसना नही. पोऱ्याना तो दिन काढी नका लेज्यात.'

तुम्ही ज्या दिवसाचं ओझं जन्मभर वाहिलंत, तो दिवस या माणसानं जपून ठेवलाय. दर बाजारच्या दिवशी तुम्ही त्यांच्या शेजारी कडुनिंबाखाली बसायचात, मला आठवतं, एकमेकांना तंबाखू द्यायचात. याबद्दल एकदाही बोलला नसाल का? नसालच. तुम्ही माफी मागायला घाबरत असाल आणि ते आभार मानायला लाजत असतील. मला दोघांचाही राग आला, खरं सांगते.

सभा दिवसकार्यानंतर होती. आमच्या पक्षाचा तालुकाध्यक्ष माझ्याच हाताखाली तयार झालेला, बोलायला मीच शिकवलेला. त्याचा फोन आला. 'अक्का, शेवटी लहान भावाला वर घ्यायचं, शपथ घ्यायला लावायची, मीही फौजेत जाणार म्हणून. मग तुमचे दोन शब्द. लाइव्ह आहे सगळं.' मी विचारलं, 'त्याच्या आईला विचारलंस का?' तो म्हणाला, 'त्यांना या दुःखात कशाला त्रास द्यायचा, अक्का?' जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर आहेत, त्यामुळे तोही बिचारा घाईत होता. मी त्याला स्पष्ट नाही म्हणून पाहिलं. तो 'बघू, बघू' म्हणाला. आता 'बघू'चा अर्थ तुम्हाला मी काय सांगावा?

सभेच्या दिवशी दुपारी मी त्या घरी जेवले. तुम्हाला शपथेवर सांगते, जेवताना माझ्या डोक्यात काही डाव नव्हता. त्यांची चूल पेटली होती, त्यांनी बस म्हटलं, मी बसले. नागलीचीच भाकरी होती. लहाना वाढत होता, आणि वाढताना मान वर करत नव्हता.

शाळेच्या मैदानावर मांडव होता. फ्लेक्सवर गेलेल्या पोराचा फोटो खाली कोपऱ्यात आणि आम्हा सगळ्यांचे हात जोडलेले फोटो वर, त्याच्या फोटोच्या दुप्पट. माझाही होता. भाषणं झाली. बदला, रक्त, माती, सगळं झालं. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी ओळखते, त्यांची पोरं काय करतात तेही मला माहीत आहे, कुणाचं पेट्रोल पंपावर बसतं, कुणाचं परदेशी आहे. मग सूत्रसंचालकानं आवाज चढवला आणि शहीद जवानाच्या धाकट्या बंधूंना मंचावर येण्याची विनंती केली. हार घेऊन दोघं तयारच होते. लहाना दुसऱ्या रांगेतून उठला. शिवलेला नवा सदरा नव्हता अंगात, टी-शर्ट होता, पण उठून त्यानं आधी बायकांच्या बाजूला पाहिलं, आणि साक्रीच्या बाजारात आईला शोधणारा त्याचा आजोबा मला पुन्हा दिसला.

मी उठून माइक हातात घेतला. म्हातारीच्या हातातून माइक कुणी ओढत नाही, म्हातारपणाचा एवढा एक फायदा आहे. मी म्हटलं, 'आज दुपारी मी या मुलाच्या घरी जेवून आले आहे. माझ्या वडिलांचा नियम होता, जेवल्या घरी काही मागायचं नाही. ते मतसुद्धा मागत नव्हते. मग मी त्या घरचा दुसरा मुलगा कसा मागू? मी मागणार नाही. इथं मंचावर ज्यांनी त्या घरात अजून पाण्याचा घोटही घेतलेला नाही, त्यांना हा नियम लागू होत नाही. त्यांनी उठावं, मागावं.'

आणि थांबले. कुणी उठलं नाही. मागं कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि एकटाच आहोत हे कळून थांबला. तालुकाध्यक्ष स्वतःच्याच फ्लेक्सकडे पाहत बसला. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, की मागणाऱ्यानं आपल्या घरातून कोण चाललंय तेही सांगावं. चांगलं वाक्य होतं, सभा पार हादरली असती. पण आतल्या खोलीतलं 'कोनी नही' आठवलं आणि ते मी गिळलं. लहाना दोन रांगांच्या मध्ये अवघडून उभा होता. मी त्याला म्हटलं, 'बस, बेटा,' आणि तो बसला. मग कुणाला तरी शहाणपण सुचलं आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

काम झालं, पण सगळे खूश झाले असं समजू नका. परत निघताना मी भिलाटीत गेले. आजोबा माझ्याशी नीट बोलले नाहीत. 'हार तं घालू देती,' एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी एका घरातला मुलगा राखला असेन कदाचित, पण त्याच घरातला हारही काढून घेतला, आणि इतक्या वर्षांत त्या वस्तीत हार जातो तो कुणी मेल्यावरच, हे तुमच्या-माझ्या राजकारणाचं काय ते फळ. समतेवर एवढं बोलून आपण बापलेकीनं त्यांना टाळ्या मिळवायला दुसरी जागाच करून दिली नाही. त्या मुलाखतीच्या मुलीला मी हे सांगायला हवं होतं, तर मी तिला आरक्षणाची कलमं सांगत बसले.

गेलेल्याच्या आईनं नागलीच्या पापडांची पुरचुंडी माझ्या पिशवीत टाकली. लहाना गाडीपर्यंत आला. काचेशी वाकून म्हणाला, 'अक्का, मी भरतीले जासूच. पगार शे, आनि वर्दी ऱ्हायनी का लोक या बसा म्हनतस. पन आज वर चढना नही ते बरं झायं.' मी म्हटलं, 'आईला सांगून जा.' तो हसला. 'तिले सांगानंच तं बाकी शे.' म्हणजे ते भांडण आता त्यांच्या स्वयंपाकघरात होईल, जिथं व्हायला हवं तिथं. मला तेवढ्यानं बरं वाटलं. धुळे येईपर्यंत मी गाडीत डोळे मिटून होते आणि तुम्ही असता तर काय म्हणाला असतात याचा विचार करत होते. 'चटनी झकास व्हती' असं काहीतरी म्हणाला असतात.

इथं पत्र संपायला हवं होतं. मुलाखतीत तर मी गोष्ट इथंच संपवली असती. पण काल दुपारी नातवाचा पुण्याहून फोन आला. त्यानं मोबाइलवर ती सभा पाहिली होती. 'आजी, भारी बोललीस,' म्हणाला. मी लाजलेसुद्धा. मग थोडा घुटमळला आणि म्हणाला, 'आजी, एक सांगू? मला फौजेत जायचंय. अधिकाऱ्यांची परीक्षा असते, ती देतोय. बाबा ऐकणार नाहीत, तू त्यांना सांग ना. तू सांगितलंस तर ऐकतील.'

मी म्हणाले, 'जेवलास का?'

तो म्हणाला, 'आजी, मी काय विचारतोय?'

'आधी जेवून घे. मग बोलू,' म्हटलं आणि फोन ठेवला.

आज सकाळपासून त्याचे फोन येऊन गेले. मी स्क्रीनवर त्याचं हसरं तोंड पाहत बसते आणि वाजून वाजून तो बंद होतो. मुलाला अजून काही बोलले नाही. सकाळीच सुनेनं ते पापड तळू का विचारलं, तर मी राहू दे म्हटलं, कारण ताटात पाहिले तर मला आतली खोली आठवेल. एवढ्या मोठ्या मांडवात मी कुणाला काही विचारायला घाबरले नाही, आणि नातवाच्या एका प्रश्नाला मी तुमच्यासारखी 'कधी बी' म्हणून बसले आहे.

तुम्ही असता तर तुम्हाला विचारलं असतं. नाही आहात, तर कबूल करते आणि हा कागद पापडांच्या डब्यात ठेवून देते. त्या बाईनं पुन्हा कधी विचारलं, तर मला खरं उत्तर द्यावं लागेल. आणि ते उत्तर 'कोनी नही' हेच राहावं, असं मला मनापासून वाटतंय, नाना.